छापायचा राहिलेला बिचारा

एर्मेलिंदा कुआउत्लेनं आपण विकलेला एकही टीशर्ट आजवर हातात धरून पाहिला नव्हता, आणि कुणी हा विषय काढला की ती फणकारायची.

"तामाल विकणारी काय प्रत्येक तामाल खाऊन बघते का गं?" ती चोनाला विचारायची.

चोनाची तामालची, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या वड्यांची हंडी एर्मेलिंदाच्या दुकानाच्या पायरीलाच लागलेली असायची. "प्रत्येक नाही खात," चोना म्हणायची, "पण हंडीतला पहिला मीच खाते. मीठ कमी पडलं तर शिव्या मला बसतात, हंडीला नाही."

"तुझं बरंय. तुझी हंडी तुझ्या पुढ्यात. माझी हंडी तिकडं न्यूयॉर्कच्या पलीकडं उकळते."

हे मात्र खरं होतं. आमच्या शाल्तेपेक गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत तिचं वह्यापेनांचं दुकान. झेरॉक्स, पोरांचे नकाशे, लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, सगळं तिथं. आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर तिचं दुसरं दुकान, त्याला ना दार ना फळ्या. इथं बसून तिनं चित्र तयार करायचं, एका वेबसाइटवर चढवायचं. तिकडं सीमेपलीकडं, उत्तरेत राहणाऱ्या आपल्या गावच्या कुणी बटण दाबलं की तिथल्याच एका कारखान्यात तेवढा एकच टीशर्ट छापून निघायचा आणि परस्पर त्याच्या दारात जायचा. माल भरून ठेवायला नको, उरला म्हणून रडायला नको. हे ऐकूनच ती इतकी हरखली, की पुढचं काही ऐकून घ्यायला थांबलीच नाही. थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. झेरॉक्स निघेपर्यंतसुद्धा बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची.

ही कल्पना तिच्या धाकट्या भावाची, ओदिलोनची, म्हणजे ओदीची. तो मिसरूड फुटायच्या वयात उत्तरेला गेला तो गेलाच. कागद नाहीत, एकदा परत आला की पुन्हा जाता यायचं नाही. आईची माती त्यानं फोनच्या पडद्यावर पाहिली. एकदा असंच बोलता बोलता म्हणाला, "ताई, इथं जो तो छातीवर कुणाकुणाची नावं मिरवतो. आपला सान मार्तीन का नको?"

झालं. गावचा तो घोड्यावर बसलेला संत घेऊन बाई लागली कामाला. आणि काय काय गोंधळ घातले म्हणता! पहिल्या चित्रामागचा पांढरा भाग काढायचाच विसरली. काळ्या कापडावर संत आणि त्याच्याभोवती भला मोठा पांढरा चौकोन. ओदीनं फोटो पाठवला आणि म्हणाला, "ताई, देव खिडकीत बसलाय." मग कुणीतरी फोनवर पाठवलेला फोटोच उचलून लावला. पडद्यावर झकास दिसला, कापडावर घोड्याचं तोंड पार विरघळून गेलं. पुढं मापांचा घोळ. तिकडचं मीडियम म्हणजे आमच्याकडची दोन माणसं आत मावतील. हिनं मापं कुठं लिहिलीच नव्हती, लोकांनी आपल्या गावच्या सवयीनं मागवलं आणि तिकडच्या म्हाताऱ्या बायांचे टीशर्ट गुडघ्याला आले. कपावर संत छापला तर घोड्याचा मागचा भाग कानामागं गेला. एकीनं तर सणाच्या आदल्या आठवड्यात मागवला आणि तो सण उलटून गेल्यावर पोचला, वरातीमागून घोडं. कारखान्याला छापायला वेळ लागतो, हे दुकानात लिहायला नको का? नव्हतं लिहिलं.

शिव्या बसल्या की ती तेवढी चूक दुरुस्त करायची आणि नवी चूक करायला मोकळी व्हायची. असं करत करत धंदा मात्र चालला, कारण आमची माणसं तिकडं गावासाठी झुरतात. घोड्याचं तोंड विरघळलेलं असलं तरी घोडा आपला होता.

"एक नग स्वतःसाठी मागव की गं," चोना म्हणायची. "नुसता हात फिरवून बघ."

"इथं यायला टपालाला केवढे लागतात माहितीये? आणि आपला पोस्टमन गल्लीत येतो तो पत्ता विचारायला."

चोना हंडीकडं वळायची. हट्टी माणसाशी डोकं लावून तामाल गार करायचे नसतात.

आता आमच्या सान मार्तीनचं सांगायला हवं. संत घोड्यावर बसलाय, हातात तलवार, आपला लाल झगा कापून अर्धा देतोय. कुणाला? खाली खुरांपाशी उघडा बसलेल्या भिकाऱ्याला. जगभर लोक घोड्यावरच्याला नवस करतात. दुकानदार घोड्यासाठी गवताची पेंढी ठेवतात, धंदा चालावा म्हणून. शाल्तेपेकमध्ये मात्र खालच्याला मान. त्याला आम्ही बिचारा म्हणतो. दर वर्षी त्याला नवी कापडं शिवतात, आणि गावातून जो कुणी उत्तरेची वाट धरतो तो निघायच्या दिवशी बिचाऱ्याच्या पायाचा अंगठा धरतो. इतक्या जणांनी धरलाय की तो लाकडी अंगठा झिजून नुसता खुंट राहिलाय. ओदीनंही धरला होता, आणि एर्मेलिंदा त्याला ओरडली होती, "चल आता, बस निघेल." तिकडं गेलेली माणसं स्वतःला बिचाऱ्याची पोरं म्हणवतात. रागाच्या भरात आम्ही एकमेकांच्या आयाबहिणी काढतो, पण बिचाऱ्यावर विनोद करत नाही.

न्यूयॉर्कला आमच्या लोकांचं मंडळ आहे. गावच्या सुतारानं कोरलेली एक मूर्ती त्यांनी तिकडं नेलीय. नोव्हेंबरात, सणाच्या रविवारी, इकडं गावात मिरवणूक निघते तशी तिकडंही निघते, आणि मिरवणूक संपली की मूर्ती नव्या मानकऱ्याच्या घरी जाते, वर्षभरासाठी. मंडळाची प्रमुख दोन्या माक्रिना, म्हणजे माक्रिनाबाई. बाई नव्वदीला टेकलेली, पण तिनं डोळे वटारले की दांडगे दांडगे बाप्ये टोपी काढतात.

त्या वर्षी मान ओदिलोनकडं आला.

त्यानं लगेच फोन लावला. "ताई, संत माझ्याकडं येतोय. माझ्या खोलीत."

"तळघरात? नाकापेक्षा मोती जड होईल रे."

"मी कोपरा रंगवलाय. पिवळा. आईच्या चुलीमागची भिंत होती ना, तसला." मग म्हणाला, "इतकी वर्षं दुसऱ्यांची भांडी घासतोय मी इथं. आपलं असं काही माझ्या घरी कधी आलंच नाही बघ."

एर्मेलिंदाला रडू आलं, आणि रडू आलं की ती कामाला लागायची. मिरवणुकीसाठी सगळ्यांनी एकसारखं काहीतरी घालायचं ठरलं होतं. तिकडं नोव्हेंबरात थंडी असते, टीशर्ट चालायचा नाही. हुडी हवी, टोपीवाली, जाडसर, पोटावर हात घालायला मोठा खिसा असलेली. ओदीनं मंडळात सगळ्यांना सांगितलं, "दुसरीकडं कुठं जाऊ नका. माझी बहीण आहे ना!"

तिच्याकडं टीशर्टाचं चित्र तयार होतंच. तेच हुडीवर चढवायचं, दोन बटणांचं काम. त्या दिवशी शाळेची पोरं दुकानात झुंबड करून उभी होती, संगणकावर कुणाचा तरी ज्वालामुखीचा तक्ता छापत होता, म्हणून तिनं फोनवरच उरकलं. पडद्यावर हुडी नखाएवढी दिसत होती. घोडा लहान वाटला. तिनं बोटांनी ताणून मोठा केला. आता कसा रुबाबदार दिसतोय! आणि विकायला लावून टाकली.

"नीट बघितलंस ना?" ओदीनं विचारलं.

"मी काय काल धंद्याला लागलेय?"

मंडळातल्या घराघरांतून मागण्या आल्या. आजवर एवढ्या कधी आल्या नव्हत्या. एर्मेलिंदानं चोनाला स्वतःच्या पैशानं चोनाचेच तामाल खाऊ घातले.

मग पार्सलं पोचायला लागली. वेबसाइटवर दिसायचं, पोचलं, पोचलं, पोचलं. एरवी पार्सल फोडलं की लोक लगेच फोटो पाठवायचे, नवरा-बायको, पोरंबाळं, कुत्र्याला घातलेलासुद्धा. या वेळी एकही फोटो नाही.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, कामात असतील. दुसऱ्या दिवशी तिनं दर गिऱ्हाइकागणिक फोन बघितला. एका बाईला लग्नपत्रिकेऐवजी कुणाच्या वर्षश्राद्धाच्या चर्चमधल्या प्रार्थनेची पत्रिका छापून दिली, ती बाई दुकानात उभी राहून रडायलाच लागली. तिसऱ्या दिवशी ओदीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. हंडीवरून चोना तिच्याकडं बघत होती.

"तुझा गाउदेन्सिओ काही बोलला का गं?" एर्मेलिंदानं विचारलं. चोनाचा नवरा तिकडंच होता, मंडळातच.

"नाही बोलला," चोना म्हणाली आणि हंडीवरचं फडकं उगाचच नीट करत बसली. चोनाला खोटं बोलता येत नाही, ती फडकी नीट करते.

संध्याकाळी माक्रिनाबाईचा आवाज फोनवर आला, बोलून पाठवलेला. म्हातारी ना रागावली होती ना ओरडली होती. एवढंच म्हणाली, "मुली, आमचा बिचारा कुठाय?"

एर्मेलिंदानं संगणक उघडला. हुडीचं चित्र या वेळी पूर्ण मोठं करून बघितलं. घोडा होता. संत होता, तलवार होती, लाल झगा होता. झग्याचं टोक खाली येत होतं आणि पोटावरच्या खिशाच्या शिवणीपाशी संपत होतं. छपाईची जागाच तिथं संपत होती. खिशावर छापत नाहीत. तिनं बोटांनी घोडा मोठा केला तेव्हा बिचारा जागेच्या बाहेर सरकला होता, आणि यंत्रानं बाहेरचं ते छापलं नव्हतं. संत दिमाखात झगा कापत होता आणि देत होता कुणालाच नाही.

एक नग, फक्त एक नग मागवून बघितला असता तर! कारखान्याच्या माणसांना तिनं मेल केला. उत्तर सभ्य होतं: जे चित्र जसं बसवून दिलंत तसं छापलं; पुन्हा छापायचं तर नवी मागणी टाका, आठवडा-दीड आठवडा लागेल. मिरवणूक येत्या रविवारी होती.

तेवढ्यात ओदीचा फोन आला.

"ताई, हे काय झालं गं?"

आता इथं ती खरं बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाची जीभ उचलली की टाळ्याला लागते. "कारखान्यानं कापलं," ती म्हणाली. "मी पूर्ण दिलं होतं. मेल्यांनी कापलं."

"खरंच?" ओदीच्या आवाजात जीव आला. "मग ते बदलून देतील. थांब, आमच्या स्वयंपाकघरातल्या एकाला इंग्रजी फर्डं येतं, त्याला बोलायला लावतो. मी बघतो, ताई, तू काळजी करू नकोस."

"नको, नको! मी बोलतेय त्यांच्याशी," ती ओरडली, पण त्यानं फोन ठेवला होता.

त्यानंतर ती जी अस्वस्थ झाली ती विचारू नका. दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शाईची नळी उलटी बसवली आणि हात कोपरापर्यंत निळे करून घेतले. खरं सांगावं म्हणून फोन हातात घ्यायची, नंबर काढायची, आणि मग तिला दिसायचा ओदीचा पिवळा कोपरा, की फोन खाली. ओदीचा फोन आलाच नाही. बातमी आली ती चोनाकडून. चोना पायरीवरून उठून आत आली आणि हात पुसत उभी राहिली. ती कधी आत येत नाही.

"सांगू का नको कळेना मला," चोना म्हणाली. "काल तिकडं मंडळ बसलं होतं. माणसं लई तापली होती गं. म्हणाले, आपल्यालाच पुसून टाकलं, घोडा तेवढा ठेवला. कुणी म्हणालं कारखान्याची चूक, कुणी म्हणालं बहिणीची. तर तुझा ओदी उठून उभा राहिला. म्हणाला, कारखान्याचा दोष नाही आणि बहिणीचाही नाही. मीच तिला सांगितलं होतं, घोडा मोठा कर म्हणून."

एर्मेलिंदा स्टुलावर बसली.

"त्यानं कारखान्याला विचारलं होतं," चोना सावकाश म्हणाली. "त्यांनी त्याला तू बसवलेलं चित्र दाखवलं. गाउदेन्सिओ तिथंच होता."

"मग? पुढं?"

"माक्रिनाबाई म्हणाली, घोडा दिसावा म्हणून ज्यानं आपली माणसं बाजूला सारली, त्याच्या घरी संत जायचा नाही. दुसरा मानकरी बघा."

"आणि ओदी?"

"ओदी म्हणाला, बरं."

चोनानं एक तामाल तिच्यासमोर ठेवला आणि बाहेर गेली. एर्मेलिंदानं तो उघडलासुद्धा नाही.

शनिवारी तिनं ओदीला गाठलं. मागं भांड्यांचा खणखणाट होता.

"तू का असं सांगितलंस? मी खोटं बोलले, तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग मला चार शिव्या द्यायच्या!"

"कशाला? तुला तिथं दुकान चालवायचंय, तिथंच राहायचंय. मला काय, इथं मला कोण ओळखतं?" आणि मग, तिनं काही म्हणायच्या आत, "कोपरा तसाच राहू देतो. सुंदर दिसतो. माझी कामाची वेळ झालीय ताई, हॉटेलात आज गर्दी आहे."

रविवारी चर्चच्या अंगणात नेहमीसारखी पांढरी चादर ताणून बांधली होती. तिकडची मिरवणूक इकडं चादरीवर दिसते आणि इकडची तिकडं; मध्ये ध्वनिक्षेपक असतो, मिरवणूक संपली की लोक एकमेकांना हाका मारतात. बँड वाजत होता, फटाके फुटत होते, मोठ्या कढईत मोले, म्हणजे सुक्या मिरच्यांचं दाट कालवण शिजत होतं. एर्मेलिंदा मागं, खांबाला टेकून उभी होती. खरं तर येणारच नव्हती. चोनानं हाताला धरून आणली.

चादरीवर तिकडचा रस्ता आला. राखाडी आकाश, ओला डांबरी रस्ता, आणि आपली माणसं. सगळ्यांनी जाड जाकिटं गळ्यापर्यंत बंद केलेली. आत हुडी असेल तर ती कुणाला दिसत नव्हती. एर्मेलिंदानं सुटकेचा श्वास घेतला आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

मग गर्दीच्या कडेनं एक माणूस चालताना दिसला. जाकीट नव्हतं. छातीवर घोडा, संत, लाल झगा आणि खाली खिसा. वाऱ्यानं नाक लाल झालेलं, केस पांढरे व्हायला लागलेले. तो मूर्तीच्या जवळ जात नव्हता, पण मागंही राहत नव्हता.

"हा कोण निर्लज्ज?" अंगणातली एक बाई म्हणाली. "सगळ्यांनी झाकलंय आणि हा मिरवतोय बघा!"

एर्मेलिंदाला तो ओळखायलाच क्षणभर वेळ लागला. फोनच्या पडद्यावर तिला नेहमी नुसता चेहरा दिसायचा, तोही हसरा. एवढा पोक आलेला असेल हे तिला कुठं ठाऊक होतं? तिनं पाठवलेलं, सगळ्यांनी लपवलेलं, तो एकटा अंगावर घालून थंडीत चालत होता. बहिणीचं आहे म्हणून.

ती निघाली. लोकांना कोपरं मारत, कुणाच्या ताटलीतलं मोले सांडत, थेट पुढं. पाद्रीबाबांच्या हातातला ध्वनिक्षेपक तिनं मागितला नाही, ओढून घेतला.

"माक्रिनाबाई!" आवाज अंगणभर घुमला. "मी एर्मेलिंदा बोलतेय. घोडा मी मोठा केला. ओदीनं काही सांगितलं नव्हतं, उलट नीट बघ म्हणून सांगितलं होतं. मी बघितलं नाही. एकही नग मागवला नाही, पोरं दुकानात होती म्हणून घाईघाईनं फोनवर उरकलं. आणि मग भावाशी खोटं बोलले. कारखान्यावर ढकललं. त्यानं ते स्वतःवर घेतलं. हे सगळं माझं आहे. माझ्याकडून कुणी काही विकत घेऊ नका वाटल्यास, पण त्याला असं कडेनं चालायला लावू नका!"

इकडचा बँड थांबला. तिकडं, चादरीवर, सगळे चालायचे थांबले. ओदी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा राहिला.

माक्रिनाबाई चाकाच्या खुर्चीत, मूर्तीशेजारी. तिनं खुर्ची पुढं ढकलायला लावली. मग म्हणाली, "मुली, तुला तिथं कितीजणांनी सांगितलं असेल की जिन्नस पाठवायच्या आधी एकदा हातात घेऊन बघावा."

"चोनानं सांगितलं होतं."

"चोना शहाणी आहे. तू मूर्ख आहेस."

"आहे," एर्मेलिंदा म्हणाली. अंगणात कुणीतरी खुदकन हसलं.

"संत आता साल्वादोर तेकुआतलच्या घरी जायचा ठरलाय. त्यानं खोली सजवलीय, बोकड आणलाय, त्याच्या बायकोनं शेजाऱ्यांना आवतण दिलंय. मी दिलेला शब्द मोडत नाही." म्हातारीनं खुर्ची वळवून घेतली आणि मूर्तीकडं हात केला. "पण बिचारा खुंटीवर बसवलेला आहे. तो सुटा निघतो. ओदिलोन, पुढं ये. तुझ्या बहिणीनं ज्याला बाहेर टाकलं, त्याला तू वर्षभर घरात घे."

चारचौघांनी मूर्ती खाली टेकवली. घोड्याच्या खुरांपाशी दोघांनी काहीतरी हलवलं, ओढलं, आणि लहान मुलाएवढा लाकडी बिचारा सुटून हातात आला. ही शिक्षा होती की मान होता, तिथं कुणालाच कळलं नसावं. साल्वादोर टोपी काढून उभा होता. ओदी पुढं आला, त्यानं दोन्ही हात पुढं केले, आणि बिचाऱ्याला छातीशी धरलं, बरोबर झग्याच्या टोकाखाली. मग तो हमसून हमसून रडला. तिकडं बायकांनी आपापल्या जाकिटांच्या चेनी खाली ओढल्या. सगळ्यांनी नाही. पण पुष्कळजणींनी.

मिरवणूक पांगल्यावर ओदीचा फोन आला. चालत घरी निघाला होता, धापा टाकत.

"ताई, खरं सांगू? घोडा माझ्या तळघराच्या दारातून आत गेलाच नसता. मी मापच घेतलं नव्हतं."

"मूर्खा!" ती म्हणाली आणि हसताना तिला ठसका लागला. "म्हणजे घराण्यातच आहे."

"हा बिचारा मात्र जाईल आरामात. पण ताई, याच्या अंगावर काहीच नाही गं. फाटकं फडकं आहे. इथं केवढी थंडी आहे. याची नवी कापडं या वर्षी कुणी करायची?"

"मी शिवते," एर्मेलिंदा म्हणाली. "मी हातानं शिवते. तू आधी घरी जा, त्याला टेबलावर बसव. टेप घे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती, छाती किती, दंड किती, सगळं मला वाचून दाखव."

"बरं."

"आणि मग पुन्हा एकदा घे माप. मी फोन ठेवत नाही."